नवी कोरी स्किन, आणि वर चिकटपट्टी!

अहो, तुमच्या कानावर आलं का? ड्रम वाजवणारी, चांगल्या घरातली मुलंमुली हल्ली भेटली की "काय, कसं काय" विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "तुझी स्किन कुठली?" चारचौघांत! लोकलच्या डब्यात, हॉलच्या मागच्या जिन्यावर, एकदा तर म्हणे तेराव्याच्या पंगतीत. आणि समोरचाही जराही न लाजता सांगतो, "वर कोटेड, खाली क्लिअर." शेजारी बसलेल्या आजींच्या हातातला लाडू हातातच राहिला.

घाबरू नका. स्किन म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणून बसवलेलं ते गोल पान. कंपनीवाले त्याला हेड म्हणतात. कातड्याशी त्याचा आता काडीचा संबंध नाही. पॉलिएस्टरची फिल्म असते, मायलर जातीची, ॲल्युमिनियमच्या कड्यात घट्ट धरलेली. थोडक्यात, प्लास्टिक. पण या प्लास्टिकपायी घराघरांत जे खटके उडतात, जे पैसे उडतात आणि जी थेरं चालतात ती ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल, पोरगं पत्ते कुटत बसलं असतं तर बरं.

हिशोबच करा ना. साधा संच घेतला तरी एक स्नेअर, दोन टॉम, एक फ्लोअर टॉम आणि पायानं वाजवायचा बेस ड्रम. झाले पाच. प्रत्येकाला वर एक तोंड, खाली एक तोंड. म्हणजे दहा स्किन. वरची काठीचा मार खाते, ती बॅटर. खालचीला कुणी हात लावत नाही, ती आतल्या हवेबरोबर नुसती थरथरते, ती रेझो. म्हणजे जी वाजवायचीच नाही तिचेही पैसे मोजायचे! बरं, एकदा निवडली आणि सुटलो, असंही नाही. जरा जोरात वाजवणारा असला की थोड्याच दिवसांत मधोमध खळगे पडतात, पांढरा लेप उडतो, आणि "आवाज मेला" असं जाहीर होतं. आमच्या मजल्यावरच्या एका घरातला संवाद सगळ्या मजल्यानं भिंतीपलीकडून ऐकलाय:

"अरे, पण फाटलीय कुठे?"

"आई, फाटायची वाट बघत नाहीत गं."

"मग बनियन बदलताना कशी बघतोस?"

त्या माउलीला खरी भानगड अजून कुणी सांगितलेलीच नाही. संच घेताना चिरंजीव काय म्हणाले होते? मेपल आहे आई, लाकडाला आवाज असतो. असतो, नाही कोण म्हणतंय! पण जाणते ड्रमर आपसांत हळू आवाजात काय बोलतात ठाऊक आहे? एकाच ड्रमवर आधी पातळ स्किन चढवा, मग जाड चढवा. जो फरक ऐकू येतो तो मेपल जाऊन बर्च आल्यानं येत नाही. स्वस्तातला संच चांगल्या स्किन लावून, नीट सुरात बसवून वाजवला, तर खळगे पडलेल्या स्किनच्या महागड्या संचाची अब्रू काढतो. लाकडाची पाळी त्यानंतर. हे वाक्य बाबांसमोर उच्चारायचं नसतं, हप्ते अजून चालू आहेत.

आता नावं ऐका, म्हणजे या मंडळींचा रुबाब कळेल. रेमो नावाची अमेरिकन कंपनी आहे. तिची नेहमीच्या विक्रीतली पातळ स्किन साडेसात मिलची; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तिचं नाव डिप्लोमॅट. दहा मिलची ती अँबॅसडर. आणि सात-सात मिलचे दोन पदर एकावर एक आले की एम्परर! अख्खं परराष्ट्र खातं, वर सम्राट. हुद्दा वाढतो तशी जाडी वाढते आणि जाडी वाढते तसं बोलणं कमी होतं, हे मात्र खात्याला शोभेसंच आहे. अँबॅसडर म्हणजे किती जाड? पाव मिलिमीटर! तिच्यात आणि एम्पररमध्ये चार मिलचं अंतर, एक मिलिमीटरचा दहावा भाग, आणि तेवढ्यावरून एका बँडमध्ये बोलाचाली बंद आहे.

फरक पडतो हो, तो पडतोच. एकपदरी स्किन चटकन बोलते, हलक्या हातालाही उत्तर देते, तिची आस लांबते. दुपदरीला दणका सोसतो, आवाज खाली बसतो, भरीव होतो आणि लवकर आवरतो. वर पांढरा खरखरीत लेप असला की आघाताची धार जरा बोथट होते. शिवाय त्या खरखरीवर ब्रश घासता येतो, म्हणून जॅझवाल्यांना लेप लागतोच. नितळ असली की काठीचा ठोका जसाच्या तसा अंगावर येतो. स्नेअरच्या खालच्या अंगाला तर तीन मिलची, जेमतेम केसाच्या जाडीची बसवतात. तिला चिकटून तारा असतात, त्या झणाणल्या की स्नेअरचा तो चिरपरिचित कडकडाट होतो. कुणा नवशिक्यानं चुकून तीच वर लावली तर पहिल्या ठोक्याला काठी आरपार!

मला एवढं कसं माहीत म्हणता? ऐकीव हो, सगळं ऐकीव.

भानगडीचं मूळ शोधायचं तर थेट हॉलिवूड गाठावं लागतं; दुसरीकडे कुठे असणार? रेमो बेली नावाच्या ड्रमरचं तिथं ड्रम सिटी नावाचं दुकान होतं. १९५७मध्ये त्यानं मायलरची स्किन काढून कंपनी थाटली. त्याच सुमारास चिक इव्हान्स हा दुसरा ड्रमरही प्लास्टिकच्याच नादाला लागला होता. दोघांच्या नावाच्या स्किन आजही दुकानात शेजारीशेजारी टांगलेल्या असतात आणि त्यांचे भक्त एकमेकांकडे बघत नाहीत. त्याआधी सगळा कारभार वासराच्या कातड्यावर. हवा दमट झाली की ते सैल, कोरडी झाली की ताठ. बेस ड्रमच्या आत विजेचा दिवा लावून कातडं उबदार ठेवायचे लोक! बेलीनं आपल्या स्किनचं नाव वेदर किंग ठेवलं ते उगीच नाही.

मुंबईत तर काय होत असेल, कल्पना करा. १९३५ साली लिऑन ॲबीचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पुढे गोव्याच्या वादकांनी त्या संगीतात बस्तान बसवलं. समोर समुद्र, बाहेर जुलै आणि ड्रमवर वासराचं कातडं. मध्यंतरानंतर त्या फ्लोअर टॉमनं काय उत्तर दिलं असेल, ते त्यालाच ठाऊक.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा. आपला हलगीवाला वाजवण्याआधी जाळ करून हलगी शेकतोच. विसर्जनाला सर आली की पुण्याच्या पथकातली पोरं स्वतः चिंब भिजतात आणि ढोलाला प्लास्टिक गुंडाळतात. बेलीनं काय केलं, तर तेच प्लास्टिक गुंडाळायच्या ऐवजी सरळ कातड्याच्या जागी ताणून बसवलं. हवापाण्याची कटकट संपली. मग माणसानं सुखानं राहावं की नाही? पण खोट काढायला हवा उरली नाही, तेव्हा मंडळी मिल मोजायला बसली. फिल्म कारखान्यात हव्या त्या जाडीची निघते, तिला लेप देता येतो, ठिपका चिकटवता येतो, दोन पदर जोडता येतात. वासराला असलं काही सांगायची सोय नव्हती.

पण खरा तमाशा पुढेच आहे. एवढा खल करून, पैसे मोजून, जी स्किन जास्तीत जास्त घुमते तीच आणायची, आणि घरी आणल्याबरोबर पहिलं काम काय? तिचं घुमणं बंद करायचं! नव्या कोऱ्या स्किनला चिकटपट्टी! मी हे प्रथम ऐकलं तेव्हा विश्वासच बसला नाही. नव्या शालूला फाटण्याच्या आतच ठिगळ लावतं का कुणी?

कारण विचारलं तर शास्त्र सांगतात. तंबोऱ्याच्या तारेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे नेटके स्वर निघतात, म्हणून ती गोड लागते. गोल ताणलेल्या पानाचं तसं नाही. मूळ कंपन एक धरलं तर वरची साधारण १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्यातून जो टंऽऽग उरतो त्याला हे ओव्हरटोन म्हणतात. आमच्या मजल्यावर त्याला दुसरं नाव आहे.

इथे आमच्याकडचे एक काका लगेच मान ताठ करून म्हणतात, "आपल्याकडे हा प्रश्न केव्हाच सुटलाय!" आणि काकांचं निम्मं बरोबर आहे, हेच तर दुखणं. तबल्याची शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचे थर, एकेक थर देऊन दगडानं घोटलेले. त्या मधल्या वजनामुळे पानाची बेलगाम कंपनं एकमेकांशी जुळती होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये 'नेचर'मध्ये यावर लिहिलं आणि १९३४मध्ये पानावर वाळू पसरून, ती कुठे स्थिरावते ते पाहून, तबला-मृदंगाचे पाच सुसंवादी स्वर सविस्तर दाखवून दिले. त्यामुळे रेमोनं मधोमध काळा ठिपका असलेली स्किन आणली तेव्हा काकांना वाटलं, घ्या, चोरली आमची शाई! नाही हो काका. तो ठिपका म्हणजे एक चकती, काठीचा मार सोसायला आणि आवाज जरा एकवटायला लावलेली. ड्रमला ती सुरात आणत नाही. शाईला जन्म लागतो, ठिपक्याला गोंद. शिवाय पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापणारी आपली परंपरा; तेव्हा दुसऱ्याच्या चिकटवाचिकटवीवर नाक मुरडायचा आपल्याला अधिकार नाही, हे मला कळतं. तरी मुरडते.

कारण तिकडची चिकटवाचिकटवी हाताबाहेर गेली आहे. निळसर, लिबलिबीत जेलचे चौकोन मिळतात डबीत. टॉमच्या कडेला एक ठेवला की टंग गायब. कुणी गॅफर टेपची घडी घालून लावतं. कुणी स्नेअरवर पैशाचं पाकीट ठेवतं. दहा स्किन घेऊन ते इतकं हलकं झालेलं असतं की वजन अगदी बरोबर बसतं. कंपन्यांनी ही खोड ओळखली आणि घुसमट आतच घालून विकायला सुरुवात केली. रेमोच्या पिनस्ट्राइपमध्ये दोन पदर कडेपाशी एकमेकांना चिकटवलेले. बेस ड्रमसाठी इव्हान्सची एक येते, तिला बाहेरून फोमची कडी बसवता येते, जाड हवी तर जाड, बारीक हवी तर बारीक. आणि इव्हान्सचीच ती हायड्रॉलिक! दोन पदरांच्या मध्ये तेल! खोटं नाही सांगत, उजेडात तिरकी धरली तर तवंग दिसतात. घरात तेलाचे भाव काय, आणि हे लोक ड्रमला पाजतायत! आवाज कसा येतो? धप्प. नुसतं धप्प. तेवढ्यासाठी तेल.

बेस ड्रमच्या पुढच्या स्किनचं तर मी मुलाबाळांसमोर बोलत नाही. तिला मधोमध नाही, जरा बाजूला, चार-पाच इंचाचं भोक पाडतात, माइक आत सारायला आणि आतली हवा बाहेर पडायला. आणि भोकवाली स्वस्त मिळत असेल असा भाबडा विचार मनात आला असेल तर तो विसरा. भोकातून पाहिलंत तर आत उशी दिसते. ज्याला घरी आई उशी देते तो मानेखाली घेत नाही, ड्रममध्ये घालतो.

हे सगळं कुणी शिकवलं, विचाराल तर बोट पुन्हा बड्या घराकडेच जातं. १९६६मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी जेफ एमरिक या तरुण ध्वनिमुद्रकानं रिंगो स्टारच्या बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक शिस्तीला न शोभेल इतका जवळ नेला. आवाज असा काही आला की जगभरच्या पोरांनी घरातले स्वेटर पळवले. पुढे १९६९मध्ये 'ॲबी रोड'च्या वेळी रिंगोच्या संचावर नवी स्किन चढली, ती कसली होती? वासराचं कातडं! प्लास्टिकचं जग झालेलं असताना हा गडी मागे फिरला, त्या कातड्यावर इतका खूश की टॉम सोडेचना, असं त्यानंच सांगून ठेवलंय. आणि त्या काळातला त्याचा दुसरा शौक ठाऊक आहे ना? ड्रमवर स्वयंपाकघरातली फडकी पांघरायची. लाडकं कातडं, आणि वर भांडी पुसायचं फडकं! माझ्या मते या वेडाचं इतकं चोख चित्र दुसरं सापडायचं नाही.

उलट्या पंथाचे लोकही काही कमी नाहीत बरं. लेड झेपेलिनचा जॉन बोनम ड्रम मोकळे आणि चढे लावायचा. बेस ड्रम केवढा, तर २६ इंच. १९७१च्या अल्बमसाठी इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात त्याचा संच जिन्याच्या पायथ्याशी मांडला आणि वर जिन्यावरून दोन माइक सोडले. घर, जिना, सगळंच वाजलं. या पंथातल्या माणसाला चिकटपट्टी दाखवा, तो तुमच्याकडे अशा नजरेनं बघेल की तुम्ही त्याच्या घोड्याला लगाम घालायला निघालात. फिल कॉलिन्सनं तिसरीच तऱ्हा केली: त्याच्या टॉमना खालच्या स्किनच नव्हत्या! १९८१च्या 'इन द एअर टुनाइट'मधली ती ड्रमची एंट्री आठवते? ती एका तोंडाच्या टॉमची. त्यानंतर किती पोरांनी आपल्या चांगल्या ड्रमच्या खालच्या स्किन उतरवल्या असतील, देव जाणे. आयांना वाटलं, चला, निम्म्या खर्चात भागतंय.

मेटालिकाचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. २००३च्या 'सेंट अँगर'वर लार्स उल्रिकनं स्नेअरच्या तारा सोडवून वाजवलं. स्किन होती, काठी होती, फक्त तो कडकडाट नव्हता. उरला तो टंग टंग टंग. म्हणजे ज्या आवाजाला गाडायला सगळं जग जेल आणि टेप घेऊन धावतं तोच या माणसानं अख्ख्या अल्बमभर मोकाट सोडला. लोक इतके चवताळले की वीस वर्षं उलटली तरी शिव्या संपत नाहीत. मला विचाराल तर त्या अल्बमला वाईट म्हणताना लोकांना पहिल्यांदाच कळलं की स्नेअर ऐकायचा असतो. इतकी वर्षं तो न ऐकताच टाळ्या देत होते.

स्किन चढवायचा विधीही एकदा लपून पाहण्यासारखा असतो. नवी स्किन बसवायची, बोल्ट हातानं घट्ट करायचे, मग मधोमध तळवा ठेवून अंगाचा भार द्यायचा. कडेच्या गोंदातून पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि ड्रमरच्या तोंडावर समाधान पसरतं. पाहणाऱ्याला वाटतं, गेले पैसे! मग ड्रमची चावी. एक बोल्ट पिळला की शेजारचा नाही, समोरचा पिळायचा. कडेकडेनं टकटक करत प्रत्येक बोल्टापाशी सूर तोच येतो का पाहायचं. दोन्ही तोंडं एका सुराला आणली की आस सगळ्यात लांब. खालचं जरा चढं ठेवलं की ठोक्यामागून सूर किंचित घसरतो, कॉकटेल घेतलेल्या मामासारखा नाही म्हणत मी, पण घसरतो. हे सगळं रात्री अकराला. त्यावर सोसायटीत मीटिंग झाली आहे.

आता घट्ट धरून बसा. ही दहा स्किनची निवड, हा तळव्याचा भार, हा तेला-टेपाचा खर्च, सगळं उरकून पोरं स्टुडिओत जातात. दोन तास माइक लावण्यात जातात. आणि शेवटी मिक्सिंग करणारा माणूस शांतपणे कम्प्युटरवर त्यांचा स्नेअर खाली घेतो आणि त्याच ठोक्यांवर दुसऱ्याच कुठल्यातरी स्नेअरचा रेकॉर्ड केलेला आवाज बसवतो! सर्रास चालतं म्हणे हे. ठोका पोराचा, आवाज परक्याचा. हे कळल्यावर आमच्या मजल्यावरचा मुलगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला आणि नवी स्किन घेऊन आला. म्हणाला, आता माझाच आवाज रेकॉर्ड करून ठेवतो, दुसऱ्यांच्या ठोक्यांवर बसवायला.

माझं विचाराल, तर एकपदरी कोटेड, नीट सुरात लावलेली, आणि वर काहीही नको. घुमू दे की! अहो, तसं नाही, मला काय कळतंय त्यातलं, मी आपलं ऐकलेलं सांगते.

सोसायटीनं शेवटी अल्टिमेटम दिला आणि आमच्या मजल्यावरच्या त्या मुलाच्या घरात इलेक्ट्रॉनिक संच आला. रोलँडनं १९९७मध्ये काढला तसल्या घराण्यातला, ज्याची जाळीची स्किन त्यांनी रेमोच्याच मदतीनं घडवली होती. जाळीतून हवा आरपार जाते, त्यामुळे ठोका पडला तरी बाहेर जेमतेम पुटपुट; आवाज सगळा हेडफोनमध्ये. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुटलो. जी स्किन वाजतच नाही तिच्यावरून काय भांडणार? पण जाळी दुपदरी चांगली की तीनपदरी, यावर परवा लिफ्टमध्ये दोघांची जुंपली होती. आणि काल त्या मुलाच्या आईनं मला खालच्या आवाजात सांगितलं, की त्या मुक्या जाळीवरही त्यानं कडेला जेलचा एक तुकडा चिकटवलाय.